आबांनी मैदान खुरपलं

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही नोकरीतली बरीच वर्षं एक आख्खं फुटबॉलचं मैदान माझ्या ताब्यात होतं. औरंगाबादेतल्या एका खात्यात मी कारकून होते. खात्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली काही मंडळी अजून हयात आहेत आणि त्यांना रिकामा वेळ भरपूर आहे. कामं वाटून दिली तेव्हा पुरुषांनी भारदस्त टेबलं आपसांत वाटून घेतली आणि उरलेली एक फाईल माझ्याकडे सरकवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मैदान व किरकोळ’. त्या दिवशी मी घरी येऊन इतकी चिडचिड केली की नवऱ्यानं त्या रात्रीचा चहा स्वतः केला.

मैदान छावणीच्या अंगाला होतं. एका बाजूला कुंपणाबाहेर सिमेंटच्या सात पायऱ्या, दोन टोकांना गोलचे लोखंडी खांब, कोपऱ्यात दगडी रोलर, आणि मधे नुसता मुरूम. तिथं पडलेल्या खेळाडूचे गुडघे महिनाभर ओले राहायचे. आणि या सगळ्याचे खरे मालक म्हणजे तिथले माळी. त्यांना सगळं शहर चाचा म्हणायचं. किडकिडीत बांधा, अंगात कुण्या पंचानं टाकून दिलेला काळा शर्ट, गळ्यात शिट्टी. शिट्टी शेळ्यांसाठी होती. शेळ्या मैदानात शिरल्या की चाचा जोरात शिट्टी मारायचे, आणि शेळ्या मान वर करून त्यांच्याकडे बघायच्या नि पुन्हा खाली घालायच्या.

चाचांच्या लेखी ते साधं मैदान नव्हतंच. “ये मुल्क का मैदान था, बाईसाब,” असं ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच ऐकवायचे. त्यांचा हिशेब सरळ होता. निजामाचं राज्य म्हणजे एक देश. त्याचं नाणं वेगळं, टपाल वेगळं, आगगाडीसुद्धा वेगळी. त्या देशाच्या फौजेचा संघ इथं खेळायचा, म्हणजे हे त्या देशाचं मैदान झालं. मी एकदा म्हणाले, “चाचा, हैदराबादेत याच्यापेक्षा मोठी मैदानं असतील की.” त्यावर त्यांनी माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन म्हणाले, “होंगे. मगर मैं वां नै था.”

त्या देशाच्या नोकरीत ते जेमतेम तीन महिने होते. वयाच्या विशीत माळी म्हणून लागले तेच मुळी मैदानावर गवत लावायला. पाऊसभर त्यांनी गवत लावलं, नहरीचं पाणी पाजलं, मैदान हिरवंगार केलं. गवत घोट्याला लागलं आणि पोलिस ॲक्शन झाली. चार-पाच दिवसांत देश संपला. फौज गेली, संघ गेला, पाणी कुणी सोडलं नाही आणि गवत वाळलं. पुढं मालक बदलत गेले, चाचा तिथंच राहिले, पण मैदानाला पाणी काही पुन्हा मिळालं नाही. पस्तीसेक वर्षं त्यांनी मुरमावर रोलर फिरवला. म्हणजे गडी ज्या कामासाठी लागला होता ते काम त्यानं चोख केलं होतं, पण त्याच्या गवतावर एकसुद्धा मॅच झालेली त्यानं पाहिली नव्हती.

आता येत्या नोव्हेंबरअखेर ते रिटायर होणार होते. उन्हाळ्यात एकदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“बाईसाब, एक मॅच. घास पे. देखूंगा और चला जाऊंगा.”

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी अर्ज लिहिते. सहा अर्ज लिहिले, साहेबांच्या दारात उभी राहिले, शेवटी नळाची एक जोडणी मिळाली. साहेबांनी एक अटही घातली. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी विभागाची मोठी मॅच व्हायची होती. मैदानावर गवत असेल तर ती इथं, नसेल तर दुसरीकडं. दिवाळी झाली की ते स्वतः येऊन बघणार होते.

मृग लागला तसे चाचा कामाला लागले. सायकलच्या कॅरेजला पोतं बांधून कालव्याच्या कडेनं जायचे आणि भरून आणायचे. पहिलं पोतं त्यांनी माझ्यासमोर उघडलं आणि मी खो खो हसत सुटले. आत हरळी होती.

शेतकऱ्याच्या पोरीला हरळी म्हणजे काय ते विचारू नये. आमचं गाव करमाडजवळचं. माझं अर्धं बालपण हरळी उपटण्यात गेलं. वरून तोडली तर खालून येते, खालून काढली तर शेजारून येते, आणि वीतभर मुळी रानात राहिली तर वर्षाच्या आत आख्खा वाफा गिळते. आमचे आबा एरवी कुणाला उलटून बोलायचे नाहीत, पण बांधावर हरळी दिसली की तिच्याशी भांडायचे. गावात एखाद्याची लायकी काढायची तर “त्याच्या रानात हरळी हाय” एवढं म्हटलं की पुरे. त्या घरात मग सोयरीकसुद्धा विचार करून जुळायची.

आणि हे चाचा तीच हरळी वीत-वीत अंतरावर, हातानं, रोपासारखी लावत होते.

“हसो नक्को,” ते म्हणाले. “दुनिया में सब फुटबॉल इसीच पे खेलतें.”

दसरा तोंडावर आला तोवर मैदान असं हिरवं झालं होतं की मी ऑफिसातून घरी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून तिकडून जायची. चाचा दर शुक्रवारी त्याच्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचे, अजून कुणी खेळत नसताना. चपला पायऱ्यांवर काढून ठेवायचे आणि अनवाणी रेघ ओढायचे.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी नवऱ्याला आणि मला कन्नडला जावं लागलं, नणंदेच्या घरी सत्यनारायण होता. चाचा त्याच दोन दिवसांसाठी फर्दापूरला लेकीकडे गेले. जाताना फाटकाची किल्ली माझ्या घरी खिळ्याला अडकवून गेले. आणि आमच्या घराकडं बघायला म्हणून गावाहून आबा आले.

इथं आबांचा एक नियम सांगायला हवा. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही. जुन्या माणसांचं तसं असतंच, पण आबा त्यात जरा जास्त कडक होते. यायचे तेव्हा ज्वारीचं नाहीतर शेंगांचं पोतं घेऊन यायचे, आणि त्याच्या मानानंच जेवायचे. यंदा पीक अजून रानात होतं, त्यामुळं रिकाम्या हातानं आले होते. आल्यापासून त्यांचं तोंड उतरलेलं. मी पोळी वाढायला गेले की ताटावर आडवा हात धरायचे. मी चिडून म्हटलं, “आबा, असं उपाशी राहून तुम्ही माझ्या घराची राखण करणार?” आम्ही बस पकडली.

पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. शनिवारी सकाळी आबा किल्ली घेऊन लेकीच्या ताब्यात काय आहे ते बघायला निघाले. फाटक उघडलं, आत पाऊल टाकलं आणि ते जागीच थांबले. त्यांच्या पोरीच्या ताब्यातलं रान, दीड एकराहून मोठं, या बांधापासून त्या बांधापर्यंत हरळीनं माजलेलं होतं.

आबांनी मागचापुढचा विचार केला नाही. दहाची बस धरून करमाड गाठलं, भावकीत सांगितलं की पोरीची इज्जत जायची वेळ आली आहे, आणि इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे मजुरी नाही. ज्याचं काम अडलं त्याच्याकडं सगळ्यांनी मिळून जायचं, काम उरकायचं, आणि त्यानं पोटभर जेवू घालायचं. गावच्या लेकीसाठी म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? शिवाय काम झाल्यावर बीबी का मकबरा दाखवायचं आबांनी कबूल केलं होतं. दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खुरपी-कुदळी घेऊन बायका आल्या. मी नंतर मोजल्या, बरोबर बावीस. फुटबॉलच्या दोन्ही संघांत मिळून असतात तितक्याच.

दीड दिवस त्या राबल्या. भर शहरात हे चाललं होतं, पण कुणीही हटकलं नाही. सरकारी मैदानावर बायका ओळीनं खुरपायला बसल्या म्हणजे रोजगार हमीचं काम असणार, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी समजून घेतलं. आमचे साहेब स्वतः रविवारी जीपमधून तिथून गेले. काम जोरात चाललंय हे बघून ते खूश झाले, आणि तसं त्यांनी मला सोमवारी बोलूनही दाखवलं.

सोमवारी सकाळी मी कन्नडहून थेट मैदानावर आले. फाटकातूनच सगळं दिसलं. हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. नुकतंच पेरणीला काढलेलं रान असतं तसं ते भुसभुशीत, तांबडं, साफ झालं होतं. दोन्ही गोलांच्या आडव्या खांबाला लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या आणि त्यांत तान्ही पोरं झोपली होती. बायका पायऱ्यांवर बसून भाकरी खात होत्या, कारण मकबरा बघायला जायचं होतं. आणि मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून आबा उभे होते. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

“बघ माय,” ते म्हणाले. “मुळासकट काढलीय. आता दोन-तीन साल तरी तोंड वर काढायची नाय. आन मी काय म्हणतो, हे रान कुणाकुणाच्या वाटणीतलं हाय?”

“कसली वाटणी?”

“चुन्याच्या रेघा होत्या की. दोन्ही टोकाला चौकोन, ते एकेका भावाचं असंल म्हणा. पर मधला गोल कुणाच्या वाट्याला गेला ते काय आमाला उमगंना. तुझी चुलती म्हणती देवस्थानाचा असंल. म्हून तेवढा जरा जास्त निगुतीनं खुरपलाय.”

मला हसावं की रडावं ते कळेना. बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला आणि हळूच म्हणाले, “आज दोन पोळ्या जास्त कर. आज खातो तुझ्या घरचं.” मी गप्प बसले, आणि माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे प्रसंग काय असेल ते समजून घ्या.

बायकांची ट्रॉली मकबऱ्याकडे गेली. आम्ही दोघं उरलो. आणि तेवढ्यात फाटकातून सायकल हातात धरून चाचा आत आले.

त्यांनी बघितलं. सायकल भिंतीला लावली. रोलरपाशी गेले आणि त्याच्यावर बसून राहिले. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. आबा लगबगीनं त्यांच्याकडं गेले. चाकरीतल्या माणसाचं काम आपण हलकं केलं, आता तो चार शब्द बोलेल, या आशेनं.

“रामराम भाई. मी बाईचा बाप. लई हरळी माजली होती बगा तुमच्या रानात. काय काळजी करू नका. समदी काढली.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग आबांच्या हातांकडं बघितलं. कुदळीनं आबांच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. चाचा उठून उभे राहिले, छातीला हात लावला आणि म्हणाले, “शुक्रिया. भौत तकलीफ उठाए आप.”

तिथं माझा तोल गेला. मी आबांना नको ते सगळं बोलले. हरळी माजली नव्हती, लावली होती. या माणसानं चार महिने सायकलवर वाहून आणून हातानं लावली होती. त्याला रिटायर व्हायच्या आधी या गवतावर एक मॅच बघायची होती, आयुष्यात एकदाच, आणि तुम्ही ती मुळासकट काढलीत. बोलता बोलता मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

“लावली?” आबा म्हणाले. एवढंच. कुणी हरळी लावतं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. मग ते चाचांकडं वळले.

“भाई, म्या काय केलं हे?”

“आप को क्या मालूम,” चाचा म्हणाले. “मेहमान हैं आप.”

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दोन जास्तीच्या पोळ्या तशाच डब्यात राहिल्या. संध्याकाळी मी बघायला गेले तर ते मैदानाच्या कुंपणाशी बसले होते. काढलेली हरळी तिथं ढीग करून ठेवली होती, वाळली की पेटवायची म्हणून. आबा एकेक मुळी उचलायचे, नखानं सोलून बघायचे आणि बाजूला ठेवायचे.

“जित्ती हाय,” ते म्हणाले. “दोन दिस ऊन लागलंय, पर जित्ती हाय. पोतं दे. ओलं करून वर टाकायला.”

साऱ्या जन्मात जिच्यावर त्यांनी शिव्यांशिवाय काही टाकलं नव्हतं, तिच्यावर त्यांनी ओली पोती टाकली. सकाळच्या पहिल्या बसनं ते करमाडला गेले आणि दुपारी पुन्हा तीच ट्रॉली घेऊन आले. बायका मात्र या वेळी गप्प होत्या आणि एकमेकींकडं बघत होत्या. माझी चुलती, जी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत फटकळ, तिनं खाली उतरताच मला बाजूला घेतलं.

“भावजींना ऊन लागलंय का ग? म्हणत्यात काढलेली परत लावायचीय.”

“व्हय काकी. लावायचीय.”

“हरळी?”

“हरळी.”

काकीनं पदर खोचला. “चला ग बायांनो. शहरातल्या मान्सांचं काय खरं नसतंय.”

आता अडचण अशी की हरळी लावायची कशी, हे बावीस जणींत एकीलाही माहीत नव्हतं. ती आपली आपण येते आणि आपण काढायची, एवढाच सगळ्यांचा तिच्याशी संबंध. चाचांनी शिकवलं. मुळीचा चार बोटांचा तुकडा, कोंबाचे दोन डोळे मातीत, एक वर. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस उकिडवा बसून एका शहरी माळ्याकडून गवत लावायला शिकत होता, आणि चुकला की चाचा “नक्को, ऐसा नक्को” म्हणून त्याचा तुकडा काढून पुन्हा लावत होते. लावणीला दोन दिवस लागले. लावता लावता बायका खुरपणीची गाणी म्हणायला लागल्या आणि मधेच थांबल्या, कारण त्या गाण्यांत हरळीला शिव्या होत्या.

बावीस बायकांना गुपित सांगितलं तर ते किती टिकतं, ते सांगायला नको. संध्याकाळपर्यंत करमाडच्या बसस्टँडवर बातमी झाली होती. त्यानंतर आबा पीक बघायला गावी गेले की त्यांच्याशी कुणी सरळ बोलेना. वाटेत भेटला की प्रत्येकजण विचारायचा, “हरळीचं बी मिळंल का?” दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या एका चुलतभावानं तर आपट्याच्या पानाबरोबर हरळीची काडी दिली. आबांनी ती घेतली आणि खिशात ठेवली. त्यांना किती लागलं असेल ते मला माहीत आहे. गावात ज्याच्या रानात हरळीची काडी सापडत नव्हती, असा तो एकच माणूस होता.

“उगवून येईस्तोर मी हितंच,” असं सांगून ते दीड महिना माझ्या घरी राहिले. जेवले पण. मी काही विचारलं नव्हतं, तरी पहिल्या दिवशी ताटावर बसताना म्हणाले, “आता मी गडी म्हून जेवतो. बाप म्हून नाय.”

दोघं म्हातारे पहाटेपासून मैदानावर असायचे. पाणी कधी द्यायचं यावरून रोज वाद. चाचा म्हणायचे संध्याकाळी, आबा म्हणायचे सकाळी. शेवटी दोघंही आपापल्या वेळेला द्यायला लागले आणि कोपऱ्यात चिखल झाला. आबांनी लव्हाळा आणि गाजरगवत वेचून काढलं. खुरपं हातात घेतलं की चाचा त्यांच्याजवळ येऊन उभे राहायचे. कोंब फुटले त्या दिवशी आबा मला ऑफिसात सांगायला आले. टेबलापाशी उभे राहून, साहेबांच्या देखत, मोठ्यानं म्हणाले, “माय, हरळी आली.” त्यांच्या तोंडून हे वाक्य आनंदानं निघालेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

दिवाळी झाली आणि साहेब आले. फाटकातून आत डोकावले. पहिल्याइतकं दाट नव्हतं, पण हिरवं होतं, आणि कुठंही माती उघडी दिसत नव्हती. “आहे की गवत,” साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले. ज्याच्यासाठी आम्ही महिनाभर श्वास धरून बसलो होतो ते एवढ्यात उरकलं. मॅच इथंच होणार होती. चाचांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. आबांनी उगाच माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

पण मॅच जवळ आली तसे चाचा बदलले. खेळाडू सरावाला आले की फाटकातूनच परत पाठवायचे. “अबी कच्ची है. अगले हफ्ते.” पुढच्या आठवड्यात आले तर पाणी दिलंय म्हणायचे. मी आत गेले तर माझ्या पायांकडं बघायचे. मी आबांना म्हटलं, “चाचांना झालंय काय?” आबा म्हणाले, “काय नाय.” पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार उजाडला. पायऱ्या भरल्या. साहेब, साहेबांचे साहेब, सगळे येऊन बसले. दोन्ही संघ बूट घालून फाटकाशी उभे राहिले, आणि फाटकाला कुलूप होतं. कुलपापुढं चाचा होते, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, मुठीत किल्ली.

“चाचा, उघडा,” मी म्हटलं.

“खिळे हैं,” ते खेळाडूंच्या बुटांकडं बोट दाखवून म्हणाले. “देखो बाईसाब. नीचे खिळे हैं सब के.”

“फुटबॉलच्या बुटांना असतातच ते.”

“मेरेकू मालूम है. मैं पस्तीस साल से देख रूँ.” त्यांनी कुलपावर हात ठेवला. “एक हफ्ता और. एक हफ्ते में जड पकडेगी.”

“चाचा, एका आठवड्यानं तुम्ही नसाल.”

ते मी बोलायला नको होतं. त्यांनी किल्लीची मूठ आणखी घट्ट केली. साहेब पायऱ्या उतरून यायला लागले. ज्या मॅचसाठी हा माणूस जन्मभर थांबला होता, ती तो स्वतःच अडवून उभा होता.

आबा गर्दीतून पुढं आले. त्यांनी किल्ली मागितली नाही. चाचांच्या शेजारी, फाटकाला पाठ टेकून उभे राहिले, जणू आता तेही कुणाला आत जाऊ देणार नव्हते.

“भाई,” ते म्हणाले, “मी चाळीस साल ज्वारी काढली. काढणीच्या दिशी दरसाल मी बांधावरच बसून राहायचो. उभं रान कसं दिसतंय, तुमाला सांगायला नको. इळा लावू वाटत नाय. बायकापोरांना सांगायचो, आज तब्येत बरी नाय, उद्या काढू. त्यांना खरं वाटायचं.”

“फिर?” चाचा म्हणाले.

“फिर काय. दुसऱ्या दिशी काढायचो. नाय काढली तर पाखरं खात्यात. आन आपुन ज्याच्यासाठी पेरली ते जागंवरच राहतं.”

चाचांनी किल्ली आबांपुढं धरली. “आप खोलो. मेरे से नै होता.”

“एकदा म्याच उपटली,” आबा म्हणाले. “आता परत मीच? नाय भाई. दोगं मिळून.”

कुलूप दोघांनी मिळून उघडलं. म्हणजे किल्ली चाचांच्या हातात होती आणि चाचांचा हात आबांच्या हातात. खेळाडू आत पळाले. चाचांनी पहिल्या पायरीवर बसायची जागा केली, पण मैदानाकडं पाठ करून बसले. आबा त्यांच्या शेजारी मैदानाकडं तोंड करून बसले. मी मागच्याच पायरीवर होते, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. शिट्टी झाली, बूट धडाधडा धावायला लागले, आणि चाचांनी मान खाली घातली.

“क्या हो रा?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

आबांना फुटबॉलमधलं माझ्याइतकंही कळत नव्हतं. चेंडू कुठं आहे तेसुद्धा ते बघत नव्हते. “वरल्या कोपऱ्यात जरा उचकटली,” ते म्हणाले. “हातभर. मुळी खाली दिसतीय.”

“बीच में?”

“मधी बरी हाय. मधला एक लंबूटांग्या लई घसरायलाय, त्याला कुणीतरी सांगा.”

“गोल के सामने?”

“तिथं तुडवलीय. पर उटंल. पाणी दिलं की उटंल.”

असं ते अर्धा तास चाललं. आख्खं मैदान चेंडूमागं ओरडत होतं आणि माझे वडील एका माणसाला गवताची बातमी सांगत होते. मग एकदम गलका उसळला. लोक उभे राहिले, साहेबसुद्धा उभे राहिले.

“गोल हुआ?” चाचांनी विचारलं.

“ते मला कळत नाय,” आबा म्हणाले. “पर हरळी हाय जाग्यावर.”

तेव्हा कुठं चाचा वळून बसले आणि त्यांनी मैदानाकडं बघितलं.